वस्तू, प्रतिमा आणि वही

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी निलंग्यात काकांच्या फोटो स्टुडिओत हाताखाली काम करत होतो. गणपती विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद, ही आमच्याकडची घर बांधण्याची जुनी रीत. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरे त्या पहाटे माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. हा सारा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. मला सांगायचे आहे ते त्यानंतरचे.

दिवाळी जवळ आली तशी माणसे स्टुडिओत येऊ लागली. कोणी एकटा, कोणी लेकराचा हात धरून. मागणे एकच असायचे. “आमच्या मायचा फोटो आसंल का वो तुमच्याकडं? मागल्या वैशाखात लग्नात काढला व्हता.” घरातला फोटो ढिगाऱ्यात गेला होता, माणूसही गेले होते. भिंतीला लावायला आणि वर्षश्राद्धाला पुढे ठेवायला त्यांना एक चेहरा हवा होता.

निगेटिव्ह आमच्याकडे होत्या. पत्र्याच्या पेट्यांत, पातळ कागदाच्या पाकिटांत घालून काकांनी त्या नीट ठेवल्या होत्या. पण पाकिटावर फक्त बिलाचा नंबर. नाव, गाव, प्रसंग हे सगळे बिलबुकात. आणि जुनी बिलबुके दर दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीला जात. म्हणजे १९९२च्या दिवाळीपूर्वी काढलेल्या सगळ्या फोटोंचे चेहरे शिल्लक होते आणि नावे गेली होती. आम्ही निगेटिव्ह दिव्यासमोर धरून लोकांना दाखवायचो. निगेटिव्हमध्ये काळे केस पांढरे दिसतात, गोरा चेहरा काळा दिसतो. स्वतःच्या आईला अशा रूपात ओळखणे सोपे नसते. काहींना ओळखता आले. पुष्कळजण हात हलवत परत गेले.

पुढे स्टुडिओ माझ्याकडे आला, फिल्म जाऊन डिजिटल कॅमेरा आला आणि मला जुन्या मूर्ती, वीरगळ, भांडी, कापडे यांचे फोटो काढण्याचा नाद लागला. या विषयाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. मिळतील ती पुस्तके वाचली, जाणकारांना प्रश्न विचारले, गावोगाव फिरलो. ‘डिजिटल जतन’ या विषयावर आज जे बोलले जाते ते ऐकताना मात्र मला प्रत्येक वेळी त्या पत्र्याच्या पेट्या आठवतात. प्रतिमा होती, वही नव्हती. या लेखात मी एवढेच मांडणार आहे, की संग्रहालयातील वस्तूंबाबतही आपण तीच चूक आता फार मोठ्या प्रमाणावर करू शकतो, आणि ती टाळणे आपल्या हातात आहे.

‘जतन’ नावाची प्रणाली

प्रत्येक संग्रहालयात एक दाखल नोंदवही असते. वस्तू आत आली की तिला क्रमांक मिळतो आणि वहीत ती काय आहे, कशाची आहे, माप किती, कुठून आली, कोणी दिली, केव्हा आली, कोणत्या स्थितीत होती, हे लिहिले जाते. वस्तूवरचा बारीक अक्षरातला क्रमांक पुसला गेला किंवा वहीला वाळवी लागली, की वस्तू कपाटात असूनही तिचा निम्मा अर्थ हरवतो.

ही वही संगणकात नेणे हे डिजिटल कामाचे पहिले पाऊल. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने त्यासाठी तयार केलेल्या प्रणालीचे नाव ‘जतन’ आहे. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाने ती स्वीकारली, आणि २०१४मध्ये देशातील दहा संग्रहालयांतील वस्तू इंटरनेटवर एकत्र पाहता येतील असे दालन सुरू झाले. दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय, कोलकात्याचे इंडियन म्युझियम, हैदराबादचे सालारजंग ही त्यांतली काही नावे. निलंगा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात होता. आमच्या भागातले कागद आणि वस्तू पाहायच्या तर हैदराबादची वाट धरावी लागे. आज त्यातले थोडेफार मोबाइलवर दिसते, हा फरक लहान नाही.

या दालनात वस्तूच्या फोटोखाली रकाने असतात. नाव, माध्यम, काळ, माप, मूळ ठिकाण, वर्णन. संगणक हे रकाने मागतो, पण भरत नाही. वहीत जेवढे असेल तेवढेच संगणकात येते. वहीत मूळ ठिकाणापुढे आडवी रेघ असेल, तर ती रेघच स्वच्छ अक्षरांत जगभर दिसते.

तेरची हस्तिदंती बाई

मूळ ठिकाणाचा रकाना किती मोलाचा, हे समजायला आमच्या तेरणेच्या काठावरचेच उदाहरण आहे. किल्लारीच्या परिसरातून आमच्या भागात येणारी ही नदी वरच्या अंगाला तेर गावाजवळून वाहते. संत गोरोबाकाकांचे ते तेर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक वृत्तांतात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे शहर आहे आणि तिथले कापड गाड्यांतून भडोचला जाते, असे सांगितले आहे. ते तगर म्हणजे तेर. १९५८मध्ये बी. एन. चापेकर यांनी तिथे उत्खनन केले.

त्याच्या आधीपासून तेरचे व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे गावाच्या पांढरीत सापडणाऱ्या वस्तू जमवत होते. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची राखट माती. पावसाने ती धुपली की मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या वर येतात. ज्याला लोक खापरे म्हणून लाथाडतात ते त्यांनी उचलले. डग्लस बॅरेट या इंग्रज अभ्यासकाने १९६०मध्ये ‘तेर’ नावाचे छोटे पुस्तक लिहिले ते याच संग्रहावर. पुढे हा संग्रह शासनाकडे आला आणि तेरमध्येच लामतुरे यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय उभे राहिले.

त्या संग्रहात हस्तिदंतात कोरलेली एका स्त्रीची लहानशी मूर्ती आहे. अंगावर दागिने, उभे राहण्याची तीच ढब. तिच्यासारखीच दुसरी एक मूर्ती १९३८मध्ये इटलीत पाँपेई येथील एका घरात सापडली. ती ‘पाँपेईची लक्ष्मी’ म्हणून प्रसिद्ध आहे आणि नेपल्सच्या संग्रहालयात ठेवलेली आहे. व्हेसुव्हियस ज्वालामुखी इसवी सन ७९मध्ये उसळला आणि पाँपेई राखेखाली गाडले गेले. त्यामुळे ती मूर्ती ७९च्या आधीची आहे, त्या वर्षापर्यंत ती भारतातून इटलीत पोहोचली होती, आणि ती कोणत्या रस्त्यावरच्या घरात होती, एवढे ठामपणे सांगता येते. हे सगळे मूर्तीच्या चेहऱ्यावर लिहिलेले नाही. ते ती जिथे सापडली त्या जागेने सांगितले.

तेरची मूर्ती अशी मोजलेल्या थरातून निघालेली नाही. ती कोणत्या घरात होती, तिच्या शेजारी काय होते, हे तिला विचारता येत नाही. तरीही लामतुरे यांनी एक मोठी गोष्ट केली. त्यांनी संग्रह गावात ठेवला. त्यामुळे निदान ‘तेर’ एवढे दोन अक्षरांचे उत्तर मूळ ठिकाणाच्या रकान्यात खात्रीने लिहिता येते. तीच मूर्ती मुंबईच्या बाजारात विकली गेली असती, तर आज कुठल्यातरी संग्रहालयात तिच्याखाली ‘दख्खन, सातवाहन काळ’ एवढेच असते. मग तगर, पेरिप्लस, भडोचची वाट आणि पाँपेईचे घर यांना जोडणारा दोरा आपल्या हाती आलाच नसता.

वस्तूचा अत्यंत अचूक त्रिमितीय नमुना आज काही तासांत करता येतो. पण तुटलेला हा दोरा कोणत्याही यंत्राला पुन्हा जोडता येत नाही.

यंत्राला काय जमते

असे म्हटल्यावर यंत्राला काय जमते तेही सांगायला हवे, कारण ते खरोखर पुष्कळ आहे.

आमच्या भागात वीरगळ गावोगाव आहेत. युद्धात किंवा गुरे सोडवताना मेलेल्या वीराची ही स्मारकशिळा. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेत आहेत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो आहे आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. चालुक्यांची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, आमच्यापासून लांब नाही. म्हणून काही दगडांवर जुन्या कानडीतल्या ओळीही असतात. दगड उघड्यावर असतो. पाऊस, शेंदूर, तेल आणि अलीकडे ऑइलपेंट यांनी कोरीव काम बुजत जाते.

अशा दगडाचा त्रिमितीय नमुना करायला आता महागडे यंत्र लागत नाही. आपले दोन डोळे एकच वस्तू किंचित वेगळ्या जागांवरून पाहतात आणि मेंदू त्यावरून अंतर ओळखतो. संगणक तेच करतो, फक्त दोनाऐवजी शंभर डोळ्यांनी. दगडाभोवती हळूहळू फिरत फोटो काढायचे, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला साधारण दोन-तृतीयांश भाग पुन्हा यायला हवा. संगणक सगळ्या फोटोंतले समान बिंदू शोधतो, प्रत्येक वेळी कॅमेरा कुठे होता ते काढतो आणि त्या बिंदूंची अवकाशातली जागा ठरवतो. शेजारी मापाची पट्टी ठेवली असेल तर खरे मापही मिळते. पट्टी विसरली तर हातभर दगड आणि पुरुषभर दगड संगणकाला सारखेच.

झिजलेल्या अक्षरांसाठी आणखी सोपी युक्ती आहे. रात्री जावे, आणि बॅटरी समोरून न धरता अगदी बाजूने, दगडाला घासून प्रकाश जाईल अशी धरावी. दिवसा सपाट दिसणाऱ्या दगडावर सावल्या पडतात आणि ओळी उठून दिसतात. बॅटरी चारही बाजूंनी फिरवत फोटो काढले की एका बाजूने न दिसलेले अक्षर दुसऱ्या बाजूने दिसते. अक्षरात खडू किंवा पीठ भरून फोटो काढण्याची जुनी सवय मात्र सोडली पाहिजे. ते दगडाच्या भेगांत जाते आणि आपण जे वाचतो ते पुष्कळदा आपणच भरलेले असते.

निलंग्याचे नीळकंठेश्वर मंदिर तीन गाभाऱ्यांचे आहे. आत हरगौरीची सुंदर मूर्ती आहे आणि बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरी आहेत. मी लहानपणापासून त्या पाहत आलो. पण एका सुरसुंदरीच्या पायाशी असलेले बारीक काम मला पहिल्यांदा दिसले ते बाजूच्या प्रकाशात काढलेला फोटो संगणकावर मोठा केल्यावर. म्हणजे यंत्र आपल्याला पाहायलाही शिकवते. आणि मूळ दगडाला हात न लावता दूरचा अभ्यासक तो पाहू शकतो, हा त्याहून मोठा फायदा.

मागची बाजू

आता मला एका तांड्यावरचा प्रसंग सांगायचा आहे. काही वर्षांपूर्वी एका संग्रहालयात मी बंजारा भरतकामाचा एक जुना तुकडा पाहिला. आरसे, कवड्या, नाणी, लाल-निळा दोरा. खाली पाटी होती, ‘लमाणी भरतकाम, दख्खन’. परवानगी घेऊन फोटो काढला आणि नंतर आमच्याकडच्या एका तांड्यावर गेलो असताना सत्तरीच्या घरातल्या एका बाईंना मोबाइलवर दाखवला. त्यांनी अजून फेटिया-कांचळी सोडलेली नव्हती.

“याडी, हे बघा, कसं आहे काम?”

त्यांनी फोटो मोठा करून पाहिला, मोबाइल उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मला वाटले, त्यांना मोबाइलची सवय नसावी. मग त्या म्हणाल्या, “दादा, मागची बाजू कुठंय?”

“मागची नाही काढली.”

“मग काय सांगू? समोरून सगळंच चांगलं दिसतंय. मागनं बघितल्याबिगर हात कळत नाही.”

तरीही त्यांनी समोरच्या बाजूवरूनच मला सांगितले, की हा एक तुकडा नाही, दोन आहेत, दोन वेगळ्या बायांनी केलेले आणि नंतर जोडलेले. नाण्यांची ओळ त्याहून उशिरा लावलेली. मग विचारले, “वाजतंय का?” म्हणजे चालताना ही नाणी, कवड्या एकमेकींवर आपटून आवाज होतो का. काचेच्या कपाटातल्या त्या वस्तूने कित्येक वर्षांत आवाज केला नसणार.

दहा मिनिटांत त्यांनी पाटीवरच्या तीन शब्दांपेक्षा पुष्कळ जास्त सांगितले. मी त्याच संध्याकाळी ते वहीत लिहून काढले. त्या दिवसापासून कापडाचा फोटो काढताना मी मागची बाजू आधी काढतो, आणि वस्तू वाजत असेल तर तिचा आवाजही मोबाइलवर घेतो.

संग्रहालयांत लोकजीवनातील वस्तू, आदिवासींच्या, भटक्यांच्या, बलुतेदारांच्या, जिथे जिथे आहेत, तिथे बहुतेक वेळा त्या गोळा करणाऱ्याचे नाव मिळते. घडवणाऱ्याचे मिळत नाही. ज्यांच्या घरातून ती वस्तू आली, त्यांना ती पुन्हा पाहायलाही मिळत नाही. डिजिटल प्रतिमेचा सर्वांत चांगला उपयोग मला इथे दिसतो. वस्तू तांड्यावर नेता येत नाही, प्रतिमा नेता येते. ती नेऊन नुसती दाखवायची नाही. “याला काय म्हणता? कोण वापरत होते? कोणत्या दिवशी?” असे विचारून उत्तर सांगणाऱ्याच्या नावासह आणि त्याच्याच बोलीत नोंदवायचे. अशी नोंद झाली, की वस्तूची वही त्यांच्याकडून लिहिली जाते.

या बाबतीत ऑस्ट्रेलियातले एक काम पाहण्यासारखे आहे. तिथल्या टेनंट क्रीक गावातील वारुमुंगू या मूलनिवासी समाजासोबत काही अभ्यासकांनी २००७मध्ये एक डिजिटल संग्रह तयार केला. त्याचे नाव ‘मुकुर्तु’. त्यांच्या भाषेत मौल्यवान वस्तू सुरक्षित ठेवण्याच्या पिशवीचे हे नाव आहे. आपल्या ‘जतन’ला जवळचाच शब्द म्हणायचा. या संग्रहात कोणती प्रतिमा कोणी पाहावी हे तो समाज ठरवतो. काही गोष्टी फक्त स्त्रियांसाठी असतात, काही फक्त एका कुळासाठी. माणूस वारल्यावर त्याचे छायाचित्र काही काळ कोणी पाहू नये असा त्यांच्यात रिवाज आहे. प्रणालीत त्याचीही सोय आहे. आता ही प्रणाली जगात इतरत्रही वापरली जाते.

आपल्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. देवघरातले टाक काही घरांत बाहेरच्या माणसाला दाखवत नाहीत. भूकंपानंतर ढिगारा उपसताना लोक आधी माणसे शोधत होते आणि नंतर टाक, हे मी पाहिले आहे. अशा घरी मी कॅमेरा पिशवीतच ठेवतो. सगळेच सगळ्यांना दिसले पाहिजे, हा इंटरनेटचा हट्ट आहे. जतनाला त्याची गरज नाही.

साक्षीपुरावा

एक जुने छायाचित्र काय करू शकते याचे मोठे उदाहरण तमिळनाडूत घडले. श्रीपुरंतन येथील नटराज आणि वृद्धाचलम येथील अर्धनारीश्वर या मूर्ती मंदिरांतून चोरीला गेल्या आणि ऑस्ट्रेलियातील दोन कलासंग्रहालयांनी त्या विकत घेतल्या. पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने पूर्वी अभ्यासासाठी दक्षिणेतील मंदिरांची हजारो छायाचित्रे काढून ठेवली होती, आणि प्रत्येकाबरोबर गाव व मंदिराची नोंद ठेवली होती. ती छायाचित्रे जुळली. या मूर्ती इथल्याच, हे सिद्ध करता आले. सप्टेंबर २०१४मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी दोन्ही मूर्ती भारताला परत केल्या. छायाचित्र काढणाऱ्याच्या मनात चोर नव्हता. त्याने फक्त आपले काम नीट केले होते, पाकिटावर गावाचे नाव लिहिण्यासकट.

१९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. पण ती मूर्ती अमुक गावचीच, हे सांगणारा कागद नसेल तर कायद्याचे हात बांधले जातात. म्हणून २००७मध्ये केंद्र सरकारने स्मारके आणि पुरावस्तू यांची राष्ट्रीय पातळीवर नोंद करण्याचे अभियान सुरू केले. तरी वेशीवरचा वीरगळ, पारावरची भग्न मूर्ती, शेताच्या बांधावरची सतीशिळा यांच्यापर्यंत कोणतेही अभियान पोहोचायला वेळ लागणार. तिथे गावातला मोबाइलवाला मुलगाच पहिला पोहोचतो.

त्याला एक सावधगिरी सांगायला हवी. उत्साहाने फोटो काढून नेमक्या ठिकाणासह सगळीकडे पसरवला, तर जो रस्ता अभ्यासकाला सापडतो तोच चोरालाही सापडतो. नेमकी जागा वहीत लिहावी, एक प्रत ग्रामपंचायतीत द्यावी. जगाला फक्त तालुका सांगितला तरी पुरतो. शिवाय व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोतून केव्हा आणि कुठे काढला ही आत दडलेली माहिती निघून जाते आणि फोटोचा दर्जाही उतरतो. मूळ फाइल वेगळी जपून ठेवायला हवी.

यंत्रही मरते

१९८६मध्ये इंग्लंडमध्ये बीबीसीने एक मोठा प्रकल्प केला. १०८६मध्ये तिथल्या राजाने देशभरच्या जमिनी आणि घरादारांची जी नोंद करून घेतली तिचे नाव ‘डूम्सडे बुक’. तिच्या नऊशे वर्षांनिमित्त नव्या काळाची नोंद करायची, म्हणून लाखो शाळकरी मुलांकडून आणि नागरिकांकडून माहिती व छायाचित्रे गोळा करून ती लेझर डिस्कवर ठेवली. पंधरा वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रेच दुर्मिळ झाली, आणि तज्ज्ञांना खटपट करून ती माहिती सोडवावी लागली. चामड्यावर लिहिलेले १०८६चे पुस्तक मात्र आजही उघडून वाचता येते.

मला इतक्या दूर जाण्याची गरज नाही. २०१२मध्ये माझे चार वर्षांचे काम एका पोर्टेबल डिस्कमध्ये होते, एकाच. ती टेबलावरून पडली. आतल्या वीरगळांपैकी दोन आता जागेवर नाहीत. एक रस्तारुंदीत गेला आणि दुसऱ्यावर सिमेंटचा ओटा झाला. त्यांचे माझ्याकडे राहिले आहे ते वहीतले अर्धे पान आणि पेन्सिलने काढलेले वेडेवाकडे चित्र. त्या अर्ध्या पानाला आता फार किंमत आहे.

जाणकार यासाठी तीन-दोन-एक असा नियम सांगतात. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. भूकंपाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला यातला शेवटचा भाग समजावून सांगावा लागत नाही. २ सप्टेंबर २०१८ रोजी ब्राझीलमधील रिओ येथील राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली. मूलनिवासींच्या भाषांचे ध्वनिमुद्रणही त्यात जळाले, आणि त्यांतल्या काही भाषा बोलणारी माणसे आता हयात नाहीत. आग लागल्यानंतर तिथल्या विद्यार्थ्यांनी लोकांना आवाहन केले, की संग्रहालयात काढलेले तुमच्याकडचे फोटो पाठवा. ते वाचताना मला आमच्या स्टुडिओच्या दारात उभी असलेली माणसे दिसली.

पेन्सिल

गेली काही वर्षे मी त्या पत्र्याच्या पेट्यांतल्या निगेटिव्ह संगणकात घेतो आहे. संगणकावर निगेटिव्हचा सुलटा फोटो क्षणात होतो; १९९३मध्ये हे असते तर किती बरे झाले असते. लॅपटॉप घेऊन मी पुनर्वसित गावांत जातो, पारावर बसतो. माणसे जमतात. लग्नाचा जमाव पडद्यावर येतो आणि बोटे पुढे होतात. “हे आमचं चुलत घर.” “ह्यो तर पाटलाचा गडी.” कोणी नाव सांगितले की मी लिहून घेतो, सांगणाऱ्याचे नावही लिहितो, कारण उद्या दुसरा कोणी वेगळे नाव सांगेल तेव्हा दोन्ही जवळ असलेली बरी. नावाबरोबर वस्तूही ओळखल्या जातात. मागे दिसणारी कणगी, दारावरचे कोरीव पट्टीचे काम, बाईच्या गळ्यातला आता कोणी न घालणारा दागिना. ज्या घरांतून या वस्तू गेल्या त्या घरांचा हा एकमेव पुरावा आहे, आणि तो कोणत्याही संग्रहालयात नाही.

अजून बरेच चेहरे बिननावाचे आहेत. ओळखू शकतील अशी माणसे सत्तरीच्या पुढची आहेत, आणि दर खेपेला पारावर एखादी जागा रिकामी दिसते. स्कॅनर आणखी चांगला येईल, संगणक आणखी वेगवान होईल, त्यासाठी थांबता येईल. या माणसांसाठी थांबता येणार नाही.

हा अंक वाचकांच्या हाती येईल तोवर बहुतेक घरांतली दिवाळीची आवराआवर झालेली असेल. तांब्या-पितळेची जुनी भांडी मोडीत जायला म्हणून दाराशी काढून ठेवलेली असतील. ती ठेवाच असा माझा आग्रह नाही; लहान घरांत जागा नसते हे मला कळते. मोडीत देण्याआधी मात्र खिडकीजवळ उजेडात ठेवून, शेजारी पट्टी ठेवून, तिचे चार बाजूंनी आणि तळाचे असे फोटो काढावेत. भांड्यावर नाव कोरलेले असेल तर त्याचा जवळून एक. मग एका वहीत लिहावे : घरात तिला काय म्हणत, ती कोणी आणि कुठून आणली, कशासाठी वापरत, शेवटी कोणी वापरली, आणि हे सगळे कोणी सांगितले. घरात म्हातारे माणूस असेल तर त्याला विचारून लिहावे.

आणि ती वही पुढच्या दिवाळीला रद्दीत घालू नये.